प्रॉक्सिमाला जाऊन राहायचं म्हणे. पण तिथे थांबणार कसे?

निशाचर

रविवारी काही उद्योग नव्हता म्हणून एक्सेल उघडून बसलो. एका कॉलममध्ये जवळच्या ताऱ्यांची अंतरं, दुसऱ्यात आजवर आपल्या यानांनी गाठलेले वेग, तिसऱ्यात भागाकार. तिसरा कॉलम बघून जरा गप्पच झालो.

सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं. १९७७ ला सुटलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटरने चाललंय, त्या वेगाने साधारण ७५ हजार वर्षं लागतील (ते त्या दिशेला चाललेलंच नाही ही गोष्ट वेगळी). पार्कर सोलर प्रोबने डिसेंबर २०२४ मध्ये सेकंदाला १९२ किलोमीटर गाठले म्हणून तोही आकडा टाकून बघितला, ६६०० वर्षं आली. पण ती फसवणूक आहे, तो वेग सूर्याकडे पडतानाचा आहे, उतारावर सायकल सोडली की सुसाट जाते तसा, आणि पुढच्या चढाला सगळा परत करावा लागतो.

मग म्हटलं जाऊ दे, प्रकाशाच्या १० टक्के वेग मिळालाच असं धरू, कसा ते विचारू नका. ४२ वर्षं आली. म्हटलं हे बरंय, एका आयुष्यात बसतं. मग त्या वेगाची ऊर्जा काढली आणि पुन्हा गप्प झालो. एक किलोची वस्तू त्या वेगाला न्यायची तर साधारण १ लाख टन टीएनटीएवढी ऊर्जा, म्हणजे हिरोशिमासारखे सातेक बॉम्ब, एका किलोला! यान हजार टनांचं धरलं तर अख्खं जग वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरतं तिच्या पाऊणपट. तीही सगळीच्या सगळी यानालाच मिळाली, वाटेत काही वाया गेली नाही असं धरून.

पण माझं डोकं अडकलंय ते पुढच्या गोष्टीवर. जाण्याबद्दल सगळे बोलतात, थांबण्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. थांबायचं इंधन बरोबर न्यायचं तर त्या इंधनालाही आधी तोच वेग द्यावा लागतो, त्यामुळे हिशोब दुप्पट होत नाही, वर्ग होतो. नुसतं जायला निघताना यानाचं वजन रिकाम्या यानाच्या १० पट लागत असेल तर जाऊन थांबायला १०० पट.

१९७३ ते ७८ मध्ये ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या लोकांनी प्रोजेक्ट डीडॅलस म्हणून पूर्ण डिझाइन कागदावर केलं होतं. ५४ हजार टनांचं यान, त्यात ५० हजार टन इंधन, फ्यूजनवर (अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळून) चालणारं, वेग प्रकाशाच्या १२ टक्के, बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत ५० वर्षं. इंधनातला हेलियम-३ कुठून आणायचा तर गुरूच्या वातावरणातून गाळून. एवढं करून ब्रेक नाहीच! पन्नास वर्षं प्रवास आणि तिथे पोचल्यावर पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर सत्तर मिनिटांत पार. दर्शन घ्यायच्या आत रांगेतून बाहेर.

तर सांगा, राहायला जाणं लांबच, तिथे नुसतं उभं तरी राहता येईल का?

तिरपागडे

वाचतोय. एक्सेलमध्ये चौथा कॉलम टाका, "कोण पैसे देणार".

अर्धवट_ज्ञानी

धागाकर्ते, इंधन बरोबर न्यायचंच कशाला? लेझर इथे ठेवायचा, यानाला आरशासारखं शीड लावायचं आणि इथून उजेड मारत राहायचं. उजेडाचा दाब असतो, जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये सूर्यप्रकाशावर शीड चालवून दाखवलंय. ब्रेकथ्रू स्टारशॉट हेच होतं, एप्रिल २०१६ मध्ये अब्जाधीश युरी मिलनर आणि स्टीफन हॉकिंग यांनी जाहीर केलं, काही ग्रॅमचं यान, १०० गिगावॅटचा लेझर, प्रकाशाच्या २० टक्के वेग, वीसेक वर्षांत तिथे.

थांबायचं म्हणाल तर त्यावरही विचार झालाय, अगदीच कोणी अवाक्षर काढलं नाही असं नाही. रॉबर्ट फॉरवर्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये पेपर लिहिला होता. शिडाचे दोन भाग, मधली चकती आणि बाहेरची रिंग. जवळ पोचलं की रिंग सुटून पुढे जाते, इथून आलेला लेझर तिच्यावर आपटून मागे फिरतो आणि मधल्या चकतीला समोरून दाबतो. कल्पना एक नंबर. फक्त लेझर एवढ्या लांब एकत्र ठेवायला हजार किलोमीटर व्यासाची लेन्स लागते. २०१७ मध्ये हेलर आणि हिप्के या दोघांनी आणखी एक गणित मांडलं, शीड इतकं हलकं करायचं की प्रॉक्सिमाच्या शेजारच्या अल्फा सेंटॉरी या जोडताऱ्यांच्या उजेडानेच ते थांबेल, वेग ४.६ टक्के, ९५ वर्षं, आणि तिथून वळून प्रॉक्सिमाला अजून ४६. पण वजन शंभरेक ग्रॅम.

हां, एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच नडते, धूळ. २० टक्के वेगात एक मिलिग्रॅमचा कण लागला तर चारशे किलो टीएनटी फुटल्यासारखं. एक मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे दहा-पंधरा दाणे.

तिरपागडे

शंभर ग्रॅममध्ये माणूस बसत नाही हो. गोठवलेले गर्भ पाठवा, तिथे गेल्यावर वाढवा.

मधली_सुट्टी

@तिरपागडे, वाढवणार कोण? कृत्रिम गर्भाशय अजून पूर्ण नऊ महिन्यांचं कोणाला जमलेलं नाही. आणि जमलं तरी पहिल्या रात्री पहिलं बाळ रडायला लागल्यावर त्याला उचलून घेणारं तिथे कोण आहे? तुमच्या घरी लहान मूल नसावं असा अंदाज.

तिरपागडे

दोन आहेत. म्हणूनच रोबोटवर ढकलत होतो.

गुरुत्वमध्य

सगळे गाडीबद्दल बोलताय, घर कसं आहे ते कोणी बघितलंय का?

प्रॉक्सिमाभोवती फिरणारा ग्रह, प्रॉक्सिमा बी, २०१६ मध्ये सापडला. आपल्याला त्याच्याबद्दल खरं काय माहितीये? ताऱ्याभोवती ११.२ दिवसांत फिरतो आणि वस्तुमान किमान पृथ्वीएवढं. किमान हा शब्द महत्त्वाचा. ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो त्यावरून हे काढलंय, ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसत नाही, म्हणून त्याचा आकार माहीत नाही, हवा आहे का माहीत नाही. बातम्यांमध्ये जे निळेशार समुद्र आणि लाल सूर्यास्त दाखवतात ते चित्रकाराच्या डोक्यातले.

प्रॉक्सिमा लाल खुजा तारा आहे, इतका मंद की सगळ्यात जवळचा असूनही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्यामुळे ऊब मिळायला ग्रहाला अगदी खेटून फिरावं लागतं, पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागात. एवढं खेटल्यावर बहुतेक एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, म्हणजे एका बाजूला न संपणारी दुपार आणि दुसऱ्या बाजूला न संपणारी रात्र. वर हा तारा तापट. २०१६ मधल्या एका भडक्यात तो काही मिनिटं एवढा उजळला की इथून नुसत्या डोळ्यांनी दिसण्याच्या बेताला आला होता. विसाव्या अंतरावर बसलेल्याचं काय होत असेल?

ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचं असंच, सात खडकाळ ग्रह, ४० प्रकाशवर्षं, २०१७ ला केवढा गाजावाजा. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने आतले दोन बघितले, बी वर हवेची खूण सापडली नाही आणि सी वर शुक्रासारखी दाट हवा नाही. बाहेरच्यांचं काम अजून चालू आहे.

आणि "राहण्यायोग्य पट्टा" हा शब्द तर बंदच केला पाहिजे. त्याचा अर्थ एवढाच की योग्य हवा असली तर पाणी द्रवरूप राहू शकेल. पृथ्वी पहिल्यापासून या पट्ट्यात आहे, पण तिच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे तिचं अर्धं आयुष्य उलटत आल्यावर, आणि तोही सुरुवातीला अगदी थोडा. त्याआधी खुद्द पृथ्वीवर उतरला असतात तर काही मिनिटांत खेळ खलास.

एक किस्सा सांगतो, धागाकर्त्यांनी डीडॅलस काढलं म्हणून. त्यांनी बर्नार्डचा तारा का निवडला माहितीये? त्याला ग्रह आहेत असं पीटर व्हॅन डी कॅम्प या खगोलशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात जाहीर केलं होतं. कित्येक वर्षांच्या फोटोप्लेट मोजून. पुढे निघालं असं की तारा डुलतच नव्हता, दुर्बिणीची भिंगं साफसफाई करताना आणि बसवताना हलली होती, तो फरक फोटोत आला होता. ज्या ग्रहांसाठी ५० हजार टन इंधनाचं गणित मांडलं ते ग्रह नव्हतेच! मजा म्हणजे आता २०२४-२५ मध्ये बर्नार्डला खरेच चार ग्रह सापडलेत, सगळे पृथ्वीहून लहान, पण वेगळेच, आणि सगळे भाजून काढणारे.

त्यामुळे माझं मत, आधी नीट बघा. सूर्याचं गुरुत्वच भिंगासारखं वापरायचं म्हटलं तर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ५५० पट लांब दुर्बीण न्यावी लागते, तिथून दुसऱ्या ग्रहाचा भूगोल दिसू शकेल असं गणित आहे. व्हॉयेजर-१ जवळपास पन्नास वर्षांत १७० च्या आसपास पोचलंय. म्हणजे हेसुद्धा सोपं नाही, पण निदान हे आपल्याच अंगणात आहे.

निशाचर

बर्नार्डचा किस्सा माहीत नव्हता, जबरदस्त. फाइलमधून "राहण्यायोग्य" हा कॉलम उडवलाय.

मधली_सुट्टी

वेग राहू दे, ग्रह राहू दे. मला माणसांचं सांगा.

२०१८ मध्ये मारिन आणि बेलुफी यांनी कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून काढलं की ६३०० वर्षांच्या प्रवासाला निघताना किमान ९८ माणसं हवीत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नात्यात लग्नं होऊन वंश बुडणार नाही. त्याआधी कॅमेरॉन स्मिथ या मानववंशशास्त्रज्ञाने आकडा काढला होता किमान १४ हजार, आणि शक्यतो ४० हजार. एवढा फरक का, तर एक जण नीट नियमाने वागणारी माणसं धरतो आणि दुसरा साथ, अपघात वगैरे पण धरतो.

९८ घ्या. त्यात दातांचा डॉक्टर एक. त्याच्या हाताखाली शिकणारी मुलगी एक. ती पंधरा वर्षांची झाली आणि म्हणाली मला नाही आवडत लोकांच्या तोंडात बघायला, मी चित्रं काढणार. काय करणार? आणि मूल कोणापासून, किती, कितव्या वर्षी हेसुद्धा त्या मॉडेलमध्ये नियमाने ठरलेलं आहे बरं का, नाहीतर ९८ चे एकतर शून्य होतात नाहीतर जागा पुरत नाही. निघताना जे सही करतील त्यांचं ठीक आहे हो. दोनशेव्या वर्षी जन्मलेल्या मुलीने कुठे सही केली होती? तिला ना निघालेली जागा दिसणार ना पोचायची.

अर्धवट_ज्ञानी

जन्म कुठे घ्यायचा हे तुम्हाला-मला तरी कोणी विचारलं होतं?

मधली_सुट्टी

नाही विचारलं. पण नाही पटलं तर दार उघडून बाहेर पडता येत होतं. तिथे दार उघडलं की संपलं.

डेक_नंबर_३

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोच. मी मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढलीत. तुम्ही म्हणता ते बंद यान आम्ही छोट्या प्रमाणात जगलोय, फरक एवढाच की आमच्या बाहेर हवा होती आणि पुढे बंदर होतं.

एकदा भर समुद्रात फ्रेशवॉटर जनरेटर बसला. हे यंत्र इंजिनच्या गरम पाण्यावर समुद्राचं पाणी व्हॅक्यूममध्ये उकळून गोडं पाणी करतं. एका कव्हरची रबरी ओ-रिंग गेली होती, व्हॅक्यूम धरेना. स्पेअरची पेटी उघडली, पिशवीवर पार्ट नंबर बरोबर, आत रिंग दुसऱ्याच साइजची, पॅक करणाऱ्याने चूक केलेली. बंदर अजून नऊ दिवस लांब. टाक्यांमध्ये पाणी मोजलं, अंघोळी बंद, कपडे बंद. मग चीफ म्हणाले ती मोठी रिंग आण. ब्लेडने तिरकी कापली, लांबी मोजून तुकडा काढला, टोकाला टोक लावून चिकटवली. तिरकी कापायची, सरळ नाही, सरळ कापली तर जोड उघडतो. पहिल्या वेळी लीक, दुसऱ्या वेळी लीक, तिसऱ्या वेळी व्हॅक्यूम धरला पण पूर्ण नाही, पाणी निम्म्याने यायला लागलं. मी दर तासाला जाऊन त्या जोडावर बोट फिरवायचो. नऊ दिवस.

आता तुम्ही म्हणाल स्पेअर जास्त न्या. राव, रबर पेटीत पडल्या पडल्या म्हातारं होतं. वापरा नाहीतर नका वापरू, काही वर्षांत कडक होऊन तडकतं. चाळीस वर्षं जुनं स्पेअर म्हणजे स्पेअर नव्हे, आठवण. मग रबर बनवायचा कारखाना न्या. त्या कारखान्याचे साचे, त्या साच्यांची लेथ, लेथचे बेअरिंग, कंट्रोलच्या चिप. चिप बनवायला काय काय लागतं ते इथल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगावं.

व्हॉयेजरचं उदाहरण वर आलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते निरर्थक आकडे पाठवायला लागलं. मेमरीची एक चिप गेली होती. लोकांनी तिच्यातला प्रोग्राम तुकडे करून दुसरीकडे बसवला, हुकूम पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास, एप्रिल २०२४ मध्ये गाडी रुळावर. सलाम आहे. पण व्हॉयेजरला पाच महिने श्वास रोखून धरता येतो.

तिरपागडे

"स्पेअर नव्हे, आठवण" __/\__

बाटलीतलं_शेवाळ

डेक काका, तुमच्या रिंगवरून आठवलं. माझ्याकडे खिडकीत एक काचेची बरणी आहे, सहा वर्षांपूर्वी सील केलेली. माती, शेवाळ, एक नेचा, तळ्यातलं पाणी, आणि न बोलावता आलेल्या दोन गोगलगायी. सकाळी काचेला आतून दव, दुपारी ओघळ, संध्याकाळी कोरडी. पहिल्या वर्षी वाटलं आपण देव झालो. दुसऱ्या वर्षी एक गोगलगाय मेली, पाणी पिवळं पडलं, नेचा अर्धा सडला, आणि मी काहीच केलं नाही कारण झाकण उघडायचं नाही असं ठरवलेलं. सहा महिन्यांनी आपोआप सावरलं. आता शेवाळच शेवाळ आहे, नेचा गेला, दुसरी गोगलगाय पण गेली. बरणी जिवंत आहे पण मी जी लावली होती ती ही नाही.

माणसांवर हाच प्रयोग झालाय, बायोस्फिअर-२, अॅरिझोनात, १९९१ ते ९३. आठ माणसं, काचेखाली सव्वातीन एकर, त्यात छोटं जंगल, छोटा समुद्र, शेती. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत साडेचौदावर आला, म्हणजे उंच डोंगरावर राहिल्यासारखं, शेवटी बाहेरून आत सोडावा लागला. कारण काय तर भरपूर खत घातलेल्या मातीतले जिवाणू ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते, आणि तो झाडांकडे परत जायच्या ऐवजी नव्या काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या. भिंती! परागीभवन करणारे किडे मेले, मुंग्या आणि झुरळं सुखात. हे सगळं दोन वर्षांत. आपण बोलतोय शेकड्यांत.

स्पेस स्टेशनवर २०२३ मध्ये पाणी ९८ टक्के परत मिळवायला लागलेत, ती खरंच मोठी गोष्ट आहे. पण अन्न जवळपास सगळं खालूनच जातं.

निशाचर

काल रात्री हे सगळे प्रतिसाद परत वाचले आणि माझा मूळ प्रश्नच चुकला असं वाटायला लागलंय.

समजा डेक साहेबांचा रबराचा कारखाना जमला, बरणी दोनशे वर्षं टिकली, चौदा हजार माणसं त्यात नीट नांदली, आणि फॉरवर्डच्या शिडाने म्हणा नाहीतर चुंबकीय शीड लावून ताऱ्यातून सुटणाऱ्या कणांच्या वाऱ्यावर म्हणा, यान थांबलं. खिडकीतून खाली प्रॉक्सिमा बी. खाली भडके, विषारी हवा किंवा हवाच नाही, गुरुत्वाकर्षण बदलता येत नाही. वर यानात हवी तेवढी हवा, हवं तसं गुरुत्व (फिरत्या चाकाची त्रिज्या ९०० मीटर केली तर मिनिटाला एक फेरी पुरते), आणि पणजीच्या पणजीपासूनचं घर. कोण उतरेल खाली? ज्यांना ग्रह गाठता येईल त्यांना ग्रहाची गरजच उरलेली नसेल. ते तिथल्या लघुग्रहांचं बर्फ आणि लोखंड घेतील आणि शेजारी दुसरं यान बांधतील. आपण "वस्ती" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर जमीन येते कारण आपण जमिनीवर वाढलोय, त्यांना जमीन म्हणजे विहिरीचा तळ वाटेल.

गुरुत्वमध्य

सहमत, पण मग तुमच्याच तर्काने तारा तरी कशाला? तेच यान आपल्या सूर्याभोवती ठेवा. उजेड फुकट, लघुग्रह भरपूर, आणि ब्रेकचा प्रश्नच नाही.

अर्धवट_ज्ञानी

सूर्य काही कायमचा नाही म्हणून.

गुरुत्वमध्य

अजून पाचेकशे कोटी वर्षं आहे. निघायची एवढी घाई काय? उलट घाईत निघाले तर मागून निघालेले पुढे जातील. अँड्र्यू केनेडीने २००६ मध्ये यावर पेपरच लिहिलाय, नवं इंजिन यायची वाट किती बघायची आणि कधी निघायचं याचं गणित. पहिली तुकडी पिढ्या खर्चून पोचली आणि तिथे आधीच कोणीतरी राहतंय, पंपावर पाटी लावून.

मधली_सुट्टी

आणि ती चित्रं काढणारी मुलगी? तिला उतरायचं असेल कदाचित. बाकीच्यांना कळणारच नाही का ते.

निशाचर

@मधली_सुट्टी हे मी धरलं नव्हतं. सगळे एकाच मताचे असतील असं धरून चाललो होतो, स्वतःच्या घरात चार माणसं असून.

बाटलीतलं_शेवाळ

थोडं अवांतर. डेक काकांचा प्रतिसाद वाचून आज बरणीचं झाकण भिंग घेऊन बघितलं. रबराची रिंग कडक झालीये, एका जागी बारीक तडा दिसतोय. बदलायची तर झाकण उघडावं लागेल. नाही बदलली तर ते हळूहळू आपोआपच उघडणार.

डेक_नंबर_३

व्यास मोजून सांगा, आतला आणि बाहेरचा दोन्ही. माझ्याकडे पेटीत पडल्यात काही. किती जुन्या ते विचारू नका.